मूत्रपिंडे थकलेली असताना रक्ताच्या कर्करोगाचा उपचार

"डॉक्टरसाहेब, आधी किडनी सुधरू द्या, मग कॅन्सरचे बघू." चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात वैद्यकीय व्यवसाय करताना हे वाक्य मी रुग्णांच्या नातेवाइकांकडून अनेकदा ऐकले आहे. कधी ते मुलगा म्हणतो, कधी गावाहून आलेले वडीलधारे काका म्हणतात. वरवर पाहता त्यात शहाणपणच दिसते. मूत्रपिंडे काम करीत नाहीत, औषधांचा निचरा होणार नाही, मग अशा अशक्त माणसाला कर्करोगाची जालीम औषधे सोसणार कशी? परंतु मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात हा क्रम नेमका उलटा आहे. तेथे मूत्रपिंड बिघडते ते कर्करोगामुळे, आणि ते सुधारण्याचा मार्ग कर्करोगाच्या उपचारातूनच जातो. वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक आठवडा मूत्रपिंडाच्या खात्यातून वजा होतो.

स्मरणिकेच्या वाचकांत आपल्या व्यवसायातील बंधुभगिनी आहेत, तसेच त्यांचे कुटुंबीय आणि समाजातील इतर मंडळीही आहेत. त्यामुळे काही गोष्टी मुळापासून सांगाव्या लागतील. जाणकारांनी तेवढी मुभा द्यावी.

आपल्या हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. त्याच मज्जेत प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी राहतात. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे बनविणे हे त्यांचे काम. प्रत्येक प्रतिपिंडाचे दोन जड आणि दोन हलके असे भाग असतात. हलक्या भागांना लाइट चेन म्हणतात आणि त्यांचे कॅपा व लॅम्डा असे दोन प्रकार आहेत. निरोगी शरीरातही थोड्या लाइट चेन सुट्या राहतात, मूत्रपिंडातून गाळल्या जातात आणि तेथील सूक्ष्मनलिका त्या शोषून संपवून टाकतात. मायलोमामध्ये एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच प्रकारच्या लाइट चेनचा लोंढा रक्तात सोडतात. नलिकांची शोषण्याची क्षमता संपते. उरलेल्या लाइट चेन पुढे सरकतात, नलिकेत नैसर्गिकरीत्या असलेल्या युरोमोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि त्यांचे घट्ट साचे तयार होतात. गटारात गाळ बसून पाणी तुंबावे तशी मूत्रपिंडाची अवस्था होते. तुंबलेल्या नलिकांभोवती सूज येते, पुढे कायमचे व्रण पडतात. सूज आहे तोवर परतीची वाट असते. व्रण पडल्यावर ती फारशी उरत नाही. घाई का करायची, याचे कारण या दोन वाक्यांत आहे.

निदानाच्या वेळी मायलोमाच्या पाचातील एका रुग्णापासून ते जवळजवळ निम्म्या रुग्णांपर्यंत मूत्रपिंडाचा काही ना काही बिघाड आढळतो. व्याख्या कोणती धरता यावर आकडा बदलतो. काहींना पहिल्याच भेटीत डायलिसिस लागते. पाश्चात्त्य देशांत या आजाराचे निदान साधारण सत्तरीच्या आसपास होते. आपल्याकडे पन्नाशी-साठीतली, अजून घर चालविणारी माणसे यात सापडतात.

या आजाराचा आणि लघवीचा संबंध वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे, आणि ती हकीकत मला आजही आजारापेक्षा अधिक बोधक वाटते. लंडनमधील थॉमस अलेक्झांडर मॅकबीन या पंचेचाळिशीच्या किराणा व्यापाऱ्याला हाडांत असह्य वेदना होत होत्या. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. मॅकिन्टायर यांना लघवीत एक विचित्र गोष्ट दिसली. लघवी तापविली की गढूळ होई, उकळली की स्वच्छ होई आणि थंड होताना पुन्हा गढूळ होई. १ नोव्हेंबर १८४५ रोजी तिचा नमुना रसायनतज्ज्ञ डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे 'हे काय आहे?' अशा चिठ्ठीसह गेला. मॅकबीन १ जानेवारी १८४६ रोजी वारले. बेन्स जोन्स यांनी १८४७ व १८४८ मध्ये या प्रथिनाविषयी लिहिले आणि ते त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आधी निरीक्षण करणाऱ्या मॅकिन्टायर यांचे नाव मागे पडले. हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची सुटी लाइट चेनच आहे, हे एडेलमन व गॅली यांनी १९६२ मध्ये दाखविले. एका किराणा व्यापाऱ्याच्या लघवीतील कोडे सुटायला शंभरावर वर्षे लागली. आज ते आपण एका नमुन्यात सोडवू शकतो, मात्र योग्य तपासणी मागितली तर.

येथे सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या मित्रांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे वेधतो. आपण दवाखान्यात लघवीची जी रंगीत पट्टी वापरतो ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. लाइट चेन तिला जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून पट्टीवर प्रथिन 'अत्यल्प', आणि त्याच लघवीचे प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर किंवा चोवीस तासांचे मोजमाप मात्र भरपूर, अशी विसंगती दिसली की थांबून विचार करावा. सल्फोसॅलिसिलिक आम्लाची जुनी चाचणी सर्व प्रथिने दाखविते. ती स्वस्त आहे आणि कोणत्याही लहान प्रयोगशाळेत करता येते. उलट पट्टीवरच अल्ब्युमिन भरपूर असेल तर मधुमेह, किंवा लाइट चेनपासूनच होणारा ॲमिलॉइडचा विकार, यांचा विचार आधी करावा लागतो.

आपल्या भागात निदान उशिरा का होते, याची कारणे आपल्या जगण्यातच आहेत. सुरतेचा यंत्रमाग, पांडेसऱ्यापासून पलसाण्यापर्यंत पसरलेल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिली, चलथाणचा साखर कारखाना आणि त्यासाठी येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, या सगळ्या कामात कंबर दुखणे हा जणू नोकरीचाच भाग मानला जातो. खानदेशातून येऊन येथे दोन-तीन पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या समाजात कंबरदुखीसाठी रजा घेणारा माणूस विरळाच. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घ्यायचे आणि पाळीवर जायचे. मायलोमाने पोखरलेल्या मणक्याची वेदना या गोळीने दबते. पण लाइट चेनने आधीच तुंबलेल्या मूत्रपिंडावर ही गोळी शेवटचा घाव घालते. शिवाय लोकांच्या मनात कंबरदुखी आणि किडनी यांचे नाते मुतखड्यापुरतेच आहे. सोनोग्राफीत खडा नाही म्हटल्यावर घरातील सगळे निर्धास्त होतात.

माझ्या पाहण्यातील एका रुग्णाचे उदाहरण देतो. मिलमधून निवृत्त झालेले, साठीच्या अलीकडचे गृहस्थ. पाच महिने कंबरदुखी, दीड महिना मळमळ आणि थकवा. हिमोग्लोबिन सातच्या घरात, क्रिएटिनिन आठजवळ. 'किडनी फेल आहे, रक्त त्यामुळेच कमी आहे' अशा समजुतीने घरच्यांनी डायलिसिसची मानसिक तयारी केली होती. कागद पाहताना तीन गोष्टी खटकल्या. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे नेहमीच्या आकाराची होती. जुन्या विकारात ती बहुधा आक्रसलेली असतात. कॅल्शियम वाढलेले होते. जुन्या मूत्रपिंडविकारात ते सहसा कमी किंवा नेमके असते. आणि रक्तातील एकूण प्रथिने वाढलेली, पण त्यातील अल्ब्युमिन कमी. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या. अस्थिमज्जेच्या तपासणीने मायलोमा पक्का झाला. "कॅन्सर आहे तर डायलिसिस तरी कशाला करायचे?" असे त्यांच्या थोरल्या भावाने विचारले. हा प्रश्नही वर सांगितलेल्या वाक्याचाच दुसरा अवतार आहे: एकात कर्करोगाचा उपचार थांबवायचा, दुसऱ्यात मूत्रपिंडाचा. दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू केले. काही आठवडे डायलिसिस लागले, मग लघवी वाढली, क्रिएटिनिन उतरत दोनच्या आसपास स्थिरावले आणि डायलिसिस सुटले. प्रत्येकाचे असे होत नाही, हे मी त्यांच्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण प्रयत्नच न करता काहीच होणार नव्हते.

तेव्हा पन्नाशीच्या पुढील माणसाला न हटणारी हाडदुखी, न जुळणारा रक्तक्षय आणि वाढते क्रिएटिनिन एकत्र आढळले तर रक्तगणना, काचपट्टी, ईएसआर, कॅल्शियम, एकूण प्रथिने व अल्ब्युमिन एवढ्या तपासण्या येथेच करून घ्याव्यात. त्यांत शंका आली की प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस आणि सुट्या लाइट चेनची रक्तचाचणी. या चाचणीत कॅपा-लॅम्डा गुणोत्तर निरोगी माणसात ०.२६ ते १.६५ असते, मूत्रपिंड मंदावले की दोन्ही साखळ्या साचतात आणि ३.१ पर्यंतचे गुणोत्तर स्वीकारार्ह मानण्याची रूढ पद्धत आहे. अलीकडे ही मर्यादा मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेनुसार आणखी बारकाईने ठरवितात. केवळ अहवालावरील ठळक अक्षरे पाहून घाबरलेली मंडळी माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहिले. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मज्जेतील पेशींच्या पुराव्यासोबत क्रिएटिनिन २ मि.ग्रॅ. पेक्षा अधिक असणे हेच उपचार सुरू करण्यास पुरेसे कारण आहे.

एक पोटसूचना. डांग, नंदुरबारकडून ऊसतोडीला येणाऱ्या तरुण आदिवासी बांधवांत रक्तक्षय, हाडदुखी आणि लघवीत बिघाड असे त्रिकूट दिसले तर प्रथम सिकलसेलचा विचार करावा. चित्र सारखे, आजार वेगळा.

उपचार

निदान पक्के होण्याच्या सुमारासच काही गोष्टी सुरू करता येतात. लघवी होत असेल आणि हृदयाला झेपत असेल तर शिरेतून व तोंडाने भरपूर पाणी, कारण पातळ लघवीत साचे कमी बनतात. वेदनाशामक गोळ्या तत्काळ बंद. वेदनेसाठी पॅरासिटामोल, आणि गरज पडल्यास जपून दिलेली अफूवर्गीय औषधे. जेंटामायसिन, अमिकासिन टाळावीत. सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिले जाणारे रंगद्रव्य शक्यतो नको. सूज दिसली म्हणून फ्रुसेमाइडचा मारा करू नये, त्याने साचे बनण्यास मदतच होते. वाढलेले कॅल्शियम खाली आणावे.

अनेक कुटुंबे निदान ऐकताच मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात किंवा अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर संस्थेत जायला निघतात. अवश्य जावे, पहिली संस्था १९४१ पासून आणि दुसरी १९७२ पासून हे काम करीत आहे. मात्र तेथील तारीख मिळेपर्यंत घरी बसून राहू नये. मज्जेचा नमुना घेऊन झाला की रक्ततज्ज्ञाशी फोनवर बोलून डेक्सामेथासोन त्याच दिवशी सुरू करता येते. मधुमेह असलेल्यांत साखर उसळेल, तिची तयारी ठेवावी.

मुख्य औषध बोर्टेझोमिब. अमेरिकेत २००३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि मूत्रपिंड बिघडलेल्या मायलोमा रुग्णाचे भवितव्य पालटले. याचे कारण साधे आहे: त्याचा निचरा मूत्रपिंडावर अवलंबून नाही. क्रिएटिनिन १ असो की १०, मात्रा तीच. डायलिसिसवरील रुग्णालाही ते देता येते, फक्त डायलिसिस संपल्यानंतर. ते पोटाच्या त्वचेखाली इन्सुलिनसारखे टोचता येते आणि ते वेगाने काम करते. त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फामाइड किंवा थॅलिडोमाइड यांपैकी एक, अशी सुरुवात बहुतेक ठिकाणी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड व थॅलिडोमाइड यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, आणि आपल्याकडे भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधे मिळत असल्याने खर्च पूर्वीपेक्षा आवाक्यात आला आहे. लेनालिडोमाइड मात्र मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. एरवी २५ मि.ग्रॅ. घेणाऱ्याला मूत्रपिंड मंदावल्यावर ती मात्रा टप्प्याटप्प्याने घटवावी लागते, डायलिसिसवर तर ती ५ मि.ग्रॅ. पर्यंत खाली येते. डॅराट्युमुमॅब या नव्या प्रतिपिंड-औषधाची मात्रा बदलावी लागत नाही. अडचण केवळ किमतीची.

उपचार लागू पडतो आहे की नाही हे क्रिएटिनिनवरून कळायला उशीर लागतो. लाइट चेनवरून लवकर कळते. पहिल्या तीन आठवड्यांत रक्तातील लाइट चेन किमान ६० टक्क्यांनी घटल्या तर मूत्रपिंड सुधारण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून एकविसाव्या दिवसाच्या आसपासची ही चाचणी पैशाच्या ओढीनेही टाळू नये, असे माझे मत आहे. टाळायचीच असेल तर दर आठवड्याच्या इतर अनेक तपासण्या टाळता येतात.

मग रक्तातील लाइट चेन यंत्रानेच का गाळून काढू नयेत, हा प्रश्न सुशिक्षित नातेवाईक हटकून विचारतात. प्रयत्न झाले आहेत. प्लाझ्मा बदलण्याचा प्रयोग कॅनडात सुमारे शंभर रुग्णांवर झाला, २००५ मध्ये निष्कर्ष आले आणि त्यात ठोस लाभ दिसला नाही. पुढे मोठ्या छिद्रांच्या खास डायलिसिस-गाळण्यांचे दोन युरोपीय अभ्यास २०१७ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरविलेल्या मुदतीत डायलिसिस सुटण्याच्या प्रमाणात त्यांतही निर्णायक फरक आढळला नाही. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे ते आहे. नळ बंद करणारे औषध हाताशी असताना महागड्या गाळणीसाठी दागिने मोडू नयेत.

साध्या डायलिसिसची भीती मात्र अनाठायी आहे. माझ्या पिढीने हा शब्द प्रथम ऐकला तो १९७५ च्या अखेरीस, जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते तेव्हा. तेव्हापासून 'डायलिसिस म्हणजे शेवट' अशी खूणगाठ अनेकांनी बांधलेली आहे. जयप्रकाशजी त्यानंतर डायलिसिसच्या आधाराने १९७९ पर्यंत होते आणि त्यांनी त्या काळात राजकारण ढवळून काढले, हे आपण विसरतो. मायलोमात डायलिसिस हा अनेकदा औषधाला काम करायला वेळ मिळवून देणारा पूल असतो.

आता लहानसहान, पण प्रत्यक्षात फार घोटाळा करणाऱ्या गोष्टी. बोर्टेझोमिबवरील रुग्णाला नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर देतात. त्याची मात्रा मूत्रपिंडानुसार घटविली नाही तर रुग्ण बरळू लागतो आणि घरचे म्हणतात, कॅन्सर डोक्यात गेला. हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेल्या गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिनचेही तसेच. डायलिसिसचा रुग्ण दिवसभर झोपून राहतो. हाडांसाठी दिले जाणारे झोलेड्रोनिक आम्ल क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असल्यास मायलोमात देऊ नये असा दंडक आहे. डेनोसुमॅब चालते, पण मूत्रपिंडविकारात त्याने कॅल्शियम धोकादायक खाली येऊ शकते, म्हणून आधी जीवनसत्त्व ड आणि नंतर वारंवार तपासणी. आणि आपल्या देशात स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी छातीचा फोटो पाहून क्षयाची शंका फेडून घ्यावी, हे येथे कुणाला सांगायला नको.

स्वतःच्याच मूळपेशींचे रोपण मूत्रपिंडविकारातही अशक्य नाही. मेल्फालानची मात्रा २०० वरून १४० पर्यंत उतरवून, निवडक रुग्णांत, अनुभवी केंद्रात ते केले जाते. भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण टाटा स्मारकात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. तेव्हा एका मुलीवर झालेला तो उपचार आज साठीतल्या आजोबांपर्यंत पोहोचला आहे.

रक्ताच्या इतर कर्करोगांत चित्र निराळे असते, त्याविषयी थोडक्यातच. झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमा व ल्युकेमियात औषध दिल्यावर पेशी एकदम फुटतात, युरिक आम्ल व पोटॅशियम उसळते आणि चांगले मूत्रपिंडही बसू शकते. तेथे आधी पाणी, ॲलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज, मग औषध. मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट, फ्ल्युडाराबिन, मोठ्या मात्रेतील सायटाराबिन ही मूत्रपिंडविकारात खरोखर घातक आहेत. म्हणजे 'किडनीत केमो चालत नाही' हे वाक्य काही औषधांबाबत खरे आहे. ते सगळ्यांना लावले जाते, ही अडचण आहे. वर्तमानपत्रातून गाजलेल्या, मुंबई आयआयटी व टाटा यांच्या सहकार्यातून साकारलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी उपचाराची चौकशी मायलोमाचे रुग्णही करतात. ती मान्यता बी-पेशींच्या लिम्फोमा व ल्युकेमियासाठी आहे, मायलोमासाठी नव्हे.

शेवटी खर्चाविषयी, कारण आपल्याकडे उपचार बहुतेक वेळा औषधामुळे नव्हे तर पैशामुळे तुटतो. अनेक कुटुंबांचे वास्तव्य येथे, पण रेशनकार्ड अजून धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गावी असते. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि तिचे कार्ड राज्याबाहेरील संलग्न रुग्णालयातही चालते. राज्य सरकारांच्या स्वतंत्र योजनांचे नियम मात्र वेगवेगळे असतात. म्हणून कार्ड कोणत्या योजनेचे आणि कोणत्या राज्याचे, हे निदानाच्या दिवशीच पाहावे, गावी माणूस धाडायला आठवडा जाऊ देऊ नये. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमांतर्गत गरिबांसाठी सरकारी रुग्णालयांत मोफत डायलिसिसची सोय आहे. पहिली मात्रा आणि योजना मोठ्या केंद्रात ठरली की बोर्टेझोमिबचे आठवड्याचे इंजेक्शन रक्ततज्ज्ञाच्या सल्ल्याने येथेच, डायलिसिस आटोपल्यावर त्याच दिवशी देता येते. रुग्णाचा एक फेरा वाचतो, सोबत येणाऱ्या मुलाचा एक खाडा वाचतो, आणि बऱ्याच घरांत पुढचे इंजेक्शन वेळेवर होणे त्या एका खाड्यावरच ठरते.